कवेलू बदलणे म्हणजे नवे बांधकाम नव्हे



पावसाळ्याआधी घराचे छप्पर बदलायचे ठरले की कन्हानच्या जुन्या वस्तीत दोन प्रश्न येतात. वर काय टाकायचे, आणि नगर परिषदेची परवानगी लागते का? पहिल्यावर आता फारसा विचार होत नाही, सरळ टिन येते. दुसऱ्याचे उत्तर मिस्त्री एक देतो, टिनाचा दुकानदार दुसरे. कवेलूच्या जागी कवेलू टाकायला परवानगी लागत नाही, एवढे कन्हान-पिपरी नगर परिषदेने लेखी जाहीर करावे, ही माझी मागणी आहे. त्याला आधार कायद्यातच आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये परवानगीची अट आहे, तशी सूटही आहे. घराच्या बाहेरच्या रूपात ठळक फरक न पाडणाऱ्या देखभालीच्या कामाला परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ स्वतःहून बंधनकारक नाही, पण कौले आणि छप्पर पुन्हा घालणे तिनेही परवानगीविना करायच्या कामांत धरले आहे. मुंबई महापालिकेच्या कायद्यात, कलम ३४२ मध्ये, भेद आणखी स्वच्छ केला आहे. त्याच साहित्याने छप्पर बदलले तर ती किरकोळ दुरुस्ती; वेगळे साहित्य वापरले किंवा उतरते छप्पर सपाट केले, तर नाही. तो कायदा कन्हानला लागू नाही, हे मान्य. पण तोच निकष इथे लावून पाहा. मग कार्यालयात आधी जावे लागेल ते कवेलू उतरवून टिन ठोकणाऱ्याला! आपल्याकडे समजूत नेमकी उलटी रूढ आहे.

ही समजूत सरकारी रकान्यांनी आणखी घट्ट केली. २०११ च्या जनगणनेत हाताने घडवलेले कवेलू आणि यंत्रावर घडवलेले कवेलू वेगळे मोजले गेले. कुंभाराच्या कवेलूचे छप्पर कच्चे, आणि टिनाचे किंवा सिमेंटच्या पत्र्याचे पक्के. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दुपारी ‘पक्क्या’ टिनाखाली तासभर बसून दाखवावे आणि मग हा रकाना कोणी भरला ते सांगावे. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते, माती हळूहळू तापते. टिन सकाळी नऊलाच आग ओकू लागते. सिमेंटच्या पत्र्यात सहसा ॲस्बेस्टॉस असतो. त्याच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी तो पत्रा अंगणात करवतीने कापला जातो आणि पोरे बाजूला खेळत असतात.

टिनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. वांदरांची टोळी एकदा छपरावरून गेली की देशी कवेलूचा चुरा होतो. दरवर्षी घर फेरायला जाणता माणूस मिळत नाही, मिळालाच तर मजुरी परवडत नाही. फाट्यांना उधई लागलेली असते. खाणीतल्या स्फोटांच्या हादऱ्याने कवेलू सरकतात, अशी तक्रार खाणपट्ट्यात नेहमीची. ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्यांवर टिन हाच उपाय कसा? मंगलोरी, म्हणजे ज्याला आपण इंग्रजी कवेलू म्हणतो, तो १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून खाचेत खाच बसवून अंथरला जातो, म्हणून नळीच्या कवेलूसारखा सहज सरकत नाही. चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. लाकूड नको असेल तर लोखंडी पाइप आणि अँगलवर तो उत्तम बसतो. त्याच्यासाठी भारतीय मानक ६५४ आहे आणि बसवण्याच्या रीतीसाठी २८५८. घेताना बोटाने वाजवून पाहावा, आवाज खणखणीत यावा. माल एकाच साच्याचा घ्यावा, नाहीतर खाचा जुळत नाहीत आणि पहिल्याच झडीत घर गळते. वजन मात्र टिनाच्या कितीतरी पट, तेव्हा खालचा सांगाडा जाणत्याकडून तपासून घ्यावा. टिनाचा हलकेपणा वाऱ्यात महागात पडतो. मानकांच्या नकाशात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. आपण टिनाला चार विटांनी दाबून ठेवतो.

सूट सरसकट द्या, असे मी म्हणत नाही. भिंत वर चढवली, मजला वाढवला, स्लॅब टाकला किंवा वळचण रस्त्यावर आणली, तर परवानगी हवीच. वळचणीचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात नव्याने सोडणाऱ्यालाही कोणी पाठीशी घालू नये. पण जुन्याच उंचीवर, जुन्याच उतारावर कवेलू बसवताना कोणाला नकाशा आणि शुल्काच्या धास्तीने टिनाकडे वळावे लागू नये.

पैशाचाही प्रश्न आहे. २०१५ च्या शहरी आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत. पण नवे घर बांधा किंवा किमान ९ चौरस मीटर जागा वाढवा, अशी अट होती. भिंती शाबूत आणि छप्पर गेलेले, अशा घराला त्यात जागाच नव्हती. राज्य सरकारने निदान अशा घरांसाठी छपरापुरते अनुदान ठेवावे, आणि साहित्याच्या यादीत मंगलोरी कवेलू टिनाच्या आधी लिहावा.

नगर परिषदेच्या सूचनेला मोठा ठराव लागणार नाही. कोणते काम विचारल्याशिवाय करता येते आणि कोणते नाही, हे मराठीत चार ओळींत मालमत्ता कराच्या बिलामागे छापले तरी चालेल. मात्र ते एप्रिलपूर्वी व्हावे. मे महिन्यात छप्पर उघडे पडलेला माणूस कागदाची वाट पाहत नाही, दुकानात मिळेल ते टिन घेऊन येतो.

आपला,
एक वाचक
कन्हान, ता. पारशिवनी, जि. नागपूर