चुकलेले नाणे आणि चुकणारी माणसे

छाप एका अंगास घसरलेला किंवा दोन्ही बाजूंस एकच चित्र असलेला रुपया कोणाच्या हाती लागला की वाद सुरू होतो. एक म्हणतो, ही टांकसाळीची चूक, हिचे लाख रुपये येतील. दुसरा म्हणतो, ही कोणा कारागिराची करामत. वाद करमणुकीचा वाटतो खरा. परंतु त्यापायी सामान्य माणसाच्या गाठीचा पैसा जाऊ लागला असल्याने त्याचा गंभीरपणे विचार केला पाहिजे.

टांकसाळही चुकते, यात शंका नाही. २००८ साली ब्रिटनमध्ये वीस पेन्सच्या नाण्याचे रूप बदलले आणि साल मागील बाजूवरून राणीच्या मुखवट्याच्या बाजूस आणण्याचे ठरले. काही नाणी मात्र मुखवट्याच्या जुन्या व मागील बाजूच्या नव्या ठशाने पाडली गेली. परिणामी त्यांच्यावर कोठेच साल उमटले नाही. तीनशेहून अधिक वर्षांत असे घडले नव्हते. तेथे वाद मिटला तो टांकसाळीने चूक स्वतः मान्य केल्यामुळे, आणि ती कशी घडली हे उलगडून सांगता आल्यामुळे.

खरी कसोटी हीच आहे. दिसणारे वैगुण्य टांकसाळीच्या यंत्रात घडू शकते काय? चकती सरकून छाप तिरपा पडला, तर धातू कमी होत नाही. वजन जवळजवळ पूर्ण भरते. कानशीने घासलेले नाणे तराजूत उघडे पडते. दोन्ही बाजूंस एकच छाप असलेले नाणे बहुधा दोन नाणी कोरून जोडलेले असते. कडेच्या आतील सांधा भिंगाखाली दिसतो, आणि वाजविल्यावर आवाजही बद्द येतो.

आपल्याकडील विसंगती अशी की, येथे खरे नाणे खोटे ठरते आणि खोट्याला भाव येतो. दहा रुपयांच्या नाण्यावरील किरण कोठे दहा, तर कोठे पंधरा. तेवढ्यावरून दुकानदारांनी ती नाकारली. अखेर चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. उलटपक्षी, जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क व दलाली उकळली जात असल्याचा इशाराही याच बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला.

दोन्ही दोषांचे मूळ एकच: पाहण्याआधी विश्वास किंवा अविश्वास ठेवण्याची सवय. ती मोडण्याचा भार एकट्या नागरिकावर टाकणे न्याय्य नव्हे. नाममात्र शुल्कात नाणे तपासून लेखी निर्णय देण्याची सोय सरकारी टांकसाळींनी केली, तर अनेक ठकांचा धंदा बसेल. तोवर एक पथ्य पुरेसे आहे: नाणे विकण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्या नाण्याची नव्हे, त्याचीच पारख करावी.