पाहुण्यांना आपण काय सांगणार?

परग्रहावरील कोणी बुद्धिमान जीव उद्या पृथ्वीवर उतरले, तर मानवजातीने त्यांच्यापुढे आपली ओळख कशी करून द्यावी? हा प्रश्न विज्ञानकथेतला वाटतो. तथापि त्याचे एक उत्तर माणसाने यापूर्वीच देऊन ठेवले आहे. १९७७ साली, २० ऑगस्ट रोजी व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबर रोजी व्हॉयेजर १ ही याने नासाने अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील एका छोट्या समितीने तीत ११५ चित्रे, ५५ भाषांतील अभिवादने, पृथ्वीवरील नाना आवाज आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत साठवले. त्या ५५ भाषांत आपली मराठी आहे, आणि त्या संगीतात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. यान निघाल्यावर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. त्यांचा स्वर मात्र आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे प्रवास करीत आहे.

आपल्याला याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या तबकडीत काय आहे याइतकेच, काय नाही हेही पाहिले पाहिजे. युद्ध, रोगराई, गुन्हे आणि दारिद्र्य यांची चित्रे पाठवायची नाहीत, असे समितीने विचारपूर्वक ठरवले होते. युद्धाचे चित्र पाहून अनोळखी जीवांना ती धमकी वाटू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. परिणामी केसरबाईंचा आवाज गेला. पण ज्या कलावंत समाजातून त्या आल्या, त्या समाजातील स्त्रियांची कला डोक्यावर घेऊन त्यांना मात्र प्रतिष्ठेच्या उंबरठ्याबाहेर ठेवणारी आपली रीत गेली नाही. तबकडी ऐकणाऱ्याला मानवजात केवळ सुरेल वाटेल.

लपवलेली गोष्ट लपून राहतेच, असेही नाही. संपूर्ण मानवजातीच्या वतीने या तबकडीत सदिच्छा व्यक्त केल्या त्या संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी. दुसऱ्या महायुद्धात बाल्कन प्रदेशात जर्मन सैन्यात केलेली आपली सेवा त्यांनी जगापासून दडवून ठेवली होती, हे १९८६ साली उघडकीस आले. आपण निवडलेल्या पहिल्याच प्रवक्त्याच्या चरित्रातील एक पान असे फाडलेले निघाले. यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परक्यांसमोर स्वतःची ओळख ठेवण्याची याहून निराळी एक रीत आपल्या याच परिसरात कोरली गेली होती. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचा उल्लेख आहे. देशोदेशींची गलबते जेथे लागत, त्या ठिकाणी सम्राट अशोकाने आपले लेख कोरविले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले, त्याच सुमारास आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. आठव्या लेखात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत, मी मात्र संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. नववा लेख म्हणतो, की पोकळ मंगलविधींपेक्षा दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर राखणे आणि प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे, हेच खरे मंगल.

हे दोन्ही तुकडे ज्या चौदा लेखांच्या मालिकेतील आहेत, तिचा तेरावा लेख सर्वपरिचित आहे. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, हे जिंकणारा राजा स्वतः सांगतो आणि त्याचा पश्चात्ताप नोंदवतो. मात्र येथेही भाबडेपणा नको. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेला नाही. त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांना जखम झाली, त्यांच्या दारात ती कबुली लिहिण्याचे टाळले गेले. कारण काहीही असो, सत्य सांगणे परक्यांपेक्षा आपल्याच माणसांसमोर अधिक अवघड असते, एवढे त्यातून दिसते.

कोणी म्हणेल, पाहुण्यापुढे घरची उणीदुणी काढणे शहाणपणाचे नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पहिल्या भेटीत प्रेमाचे दोन शब्द बोलावेत, आपले उत्तम ते पुढे ठेवावे, ही सभ्यताच आहे. परंतु पाहुणा घरात राहिला, की तो आपले बोलणे ऐकण्यापेक्षा आपले वागणे पाहू लागतो. विशेषतः आपण एकमेकांशी कसे वागतो, हे पाहतो. तेव्हा मूठ उघडतेच; आणि रिकामी निघाली तर आपण बोललेल्या चांगल्या शब्दांवरचाही विश्वास उडतो.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिलेला धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने निघून मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. नीटनेटक्या पोशाखातील ही मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. पण 'तुम्ही कोण' या प्रश्नाचे उत्तर मिळताच ते मागे सरले. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान बैलगाडी हाकायला तयार झाला नाही, मुलांनाच ती हाकावी लागली, आणि जवळ अन्न असूनही पाण्यावाचून त्यांची रात्र उपाशी गेली. ही हकीगत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात नोंदवली, ती मुख्यतः परदेशी वाचकांना अस्पृश्यता म्हणजे नेमके काय हे कळावे म्हणून. परक्यांपुढे देशाची शोभा राखण्यासाठी त्यांनी ती दडवली नाही. त्याच माणसाने पुढे याच देशाच्या संविधानाची उभारणी केली. उणीव स्पष्ट सांगणे आणि ती दूर करण्यासाठी झटणे, ही एकाच निष्ठेची दोन अंगे आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून माझे मत असे, की परग्रहावरील पाहुण्यांसाठी पुन्हा कधी तबकडी घडवायची झाली, तर तीत केसरबाईंची भैरवी जरूर असावी. पण तिच्याशेजारी मसूरच्या स्थानकावर ताटकळणाऱ्या मुलांचीही कथा असावी, आणि ते बदलण्यासाठी माणसांनी काय केले, हेही असावे. चूक, तिची कबुली आणि सुधारणा या तिन्ही मिळून माणसाची ओळख पूर्ण होते.

विद्यार्थी मित्रांनो, व्हॉयेजर एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास पोहोचायला सुमारे ४० हजार वर्षे लागतील. आपल्याकडचे पाहुणे मात्र रोज येत असतात. वसई-विरारच्या प्रत्येक लोकलमधून कामाच्या शोधात अनोळखी माणसे उतरतात. वारली पाड्यावरचे, परप्रांतातले, निराळी बोली बोलणारे मूल वसतिगृहाच्या दारात पेटी घेऊन उभे राहते. त्याला आपण नाव विचारतो आणि लगेच आडनाव विचारतो. त्या दुसऱ्या प्रश्नात पुष्कळदा मसूरच्या स्टेशनमास्तरांचा प्रश्न दडलेला असतो. परग्रहवासीयांना आडनाव नसेल. त्यांना आपण 'दमलात का, पाणी हवे का' असेच विचारू. नव्या मुलालाही आज संध्याकाळी तेवढेच विचारावे. मानवजातीची ओळख करून देण्याचा सराव तेथूनच सुरू होतो.