जलद दार कोणासाठी?

जून २०२४ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर केंद्र सरकारनं इमिग्रेशनची जलद सोय सुरू केली. आधी नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. मग यंत्रावर पासपोर्ट ठेवला की फाटक आपोआप उघडतं. रांग नाही, काउंटरवरच्या साहेबांचे प्रश्न नाहीत. वर्षातून चारदा परदेशी जाणाऱ्यांचे हाल वाचले, याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्यांना या देशाबाहेर पडताना सर्वांत जास्त अडवलं जातं, त्यांच्यासाठी सरकारनं काय केलं, हा प्रश्न बायकांच्या चळवळीनं विचारायलाच हवा.

अडवलं जातं ते कोणाला? दहावी पास नसलेल्यांना. त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. म्हणजे आखाती देश, मलेशिया वगैरे अठरा देशांत नोकरीला जायचं, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावी पास असलात, प्राप्तिकर भरत असलात, तर हा शेरा लागत नाही. थोडक्यात, शिकलेल्याला आणि पैसेवाल्याला स्वतःचं बरंवाईट कळतं, बाकीच्यांना कळत नाही, असं सरकारनं ठरवून टाकलं आहे.

त्यातही पुरुषाला एक न्याय आणि बाईला दुसरा. ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जाणारी बाई तीस वर्षांची झालेली नसेल, तर तिला परवानगीच नाही. पुरुषाला ही अट नाही. बावीस वर्षांचा मुलगा रियाधला बांधकामावर जाऊ शकतो. त्याची सत्तावीस वर्षांची, दोन लेकरांची बहीण जाऊ शकत नाही. तीस पूर्ण झाली, तरी २०१६ पासून तिची भरती फक्त ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. या कामात केरळ आणि तमिळनाडूच्या सरकारी संस्थांची नावं कानावर येतात. पारोळ्याच्या बाईनं कुठलं दार ठोठवायचं?

आता पारोळा तालुक्यात मुलगी दहावीपर्यंत का पोचत नाही, तेही पाहू. गावातली शाळा सातवीला संपते आणि पुढच्या शाळेला जायला वेळेवर एसटी नसते. कापूस वेचायला घरात हात कमी पडतात. पाळी आली की आईबापांच्या जिवाला घोर लागतो, आणि सोळाव्या वर्षी लग्न उरकलं जातं. बालविवाह थांबवणं हे शासनाचं काम. शाळा आणि एसटी देणं हेही शासनाचंच काम. ते शासनानं केलं नाही. आणि तेच शासन तिला सत्ताविसाव्या वर्षी म्हणतं, तू दहावी नाहीस, म्हणून तुला जाता येणार नाही. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसरीला!

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे बायकांच्या संरक्षणासाठी आहे. परदेशात घरकामाला गेलेल्या बायकांचा छळ होतो, पगार बुडवतात, मालक पासपोर्ट काढून घेतो. हे सगळं खरं आहे, आणि ते कोणी हलक्यात घेऊ नये. पण बंदीनं छळ थांबतो का? माझ्याकडे कागद घेऊन आलेली अशीच एक बाई. आठवी शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली, पदरी एक मुलगी. मस्कतला घरकाम मिळत होतं, पण वय आडवं आलं. एजंटानं तिला टुरिस्ट व्हिसावर पाठवलं, कारण फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. 'बहिणीकडे चाललेय' हे वाक्य त्यानं तिच्याकडून घोकून घेतलं. "ताई, मी काय चोर शे का?" असं तिनं मला विचारलं होतं.

ती गेली. पण तिचा करार कुठल्याच दप्तरात नाही. परवानगी घेऊन जाणाऱ्याला दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा प्रवासी विमा मिळतो, तो तिला नाही. उद्या मालकानं कोंडून ठेवलं, तर तिला शोधायचं कुठे, हे आपल्या वकिलातीलाही ठाऊक नाही. संरक्षणाच्या नावानं केलेल्या नियमानं तिला संरक्षणाच्या बाहेर ढकललं आणि एजंटाचा दर वाढवला. शेजारच्या नेपाळनंही आखातात जाणाऱ्या बायकांवर वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा त्या भारतातून आडवाटेनं जात राहिल्या. भूक वय विचारत नाही.

अडवणूक विमानतळाच्या कितीतरी आधी, घराच्या उंबऱ्यावरच सुरू होते. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम बदलले. लग्नाचा दाखला नको, आई-वडिलांपैकी एकाचंच नाव चालेल, घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईनं नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती नाही. पण नियम बदलला म्हणून टेबलामागचं मन बदलत नाही. पडताळणीला आलेला माणूस अजून विचारतो, "मालक कुठेत? त्यांची परवानगी आहे ना?" जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बायकोला पासपोर्टसाठी नवऱ्याच्या सहीची गरज नाही. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमात येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात म्हटलं. तो पासपोर्टही एका बाईचाच होता. पण तिच्यामागे वकील होते.

१९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी सरकारनं २०२५ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. म्हणून आपल्या मागण्या स्वच्छ शब्दांत मांडू या:

१. बाईसाठी वेगळी वयाची अट रद्द करा. सज्ञान बाई ती सज्ञानच.

२. तपासणी करायची तर मालकाची, एजंटाची आणि कराराची करा. बाईच्या गुणपत्रिकेची नको.

३. परवानगी, विमा आणि मराठीतला करार यांची सोय तालुक्याच्या गावी करा. महाराष्ट्र सरकारनं बायकांच्या भरतीची जबाबदारी उघडपणे घ्यावी.

४. पासपोर्टसाठी नवऱ्याची संमती लागत नाही, हे प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लिहून लावा.

५. परदेशी मालकानं पासपोर्ट काढून घेतला, तर बाईला वकिलातीत आसरा आणि परतीचं तिकीट मिळालंच पाहिजे.

हे होणार नाही, असं म्हणू नका. जानेवारी २०१८ मध्ये ईसीआरवाल्यांना वेगळा नारिंगी पासपोर्ट देण्याचं सरकारनं ठरवलं होतं. गरिबाच्या कपाळावर शिक्का मारण्याचाच तो प्रकार. लोकांनी विरोध केला आणि महिन्याच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. बचतगटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा, ठराव करा, खासदारांना पाठवा. ज्यांच्यासाठी दार आधीच उघडं होतं, त्यांच्यासाठी ते आपोआप उघडू लागलं. आता बंद दाराकडे सरकारचं तोंड वळवायचं काम आपलं आहे.