कचेरीत परतण्याचे मोल कोणी द्यावयाचे?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि संगणक-व्यवसायातील लक्षावधी नोकरदार घरी बसून काम करू लागले. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशासारख्या गावांतून पुण्या-मुंबईस गेलेली मुलेही तेव्हा घरी परतली. शहरातला पगार प्रथमच गावच्या किराणा दुकानात खर्च होऊ लागला.

त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, 2025 पर्यंत आपल्या केवळ 25 टक्के कर्मचाऱ्यांनाच कचेरीत यावे लागेल, असे उद्दिष्ट जाहीर केले होते. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2023 पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस हजेरी आवश्यक केली. इन्फोसिसने मार्च 2025 पासून ठरावीक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान 10 दिवसांची अट घातली.

कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. नवखा माणूस ज्येष्ठाच्या शेजारी बसून जे शिकतो, ते दूरध्वनीवर शिकत नाही. तथापि, एवढ्यावरून सर्वांनी रोज आलेच पाहिजे, असे सिद्ध होत नाही. एका चिनी प्रवास-कंपनीतील 1,612 कर्मचाऱ्यांचा अभ्यास 2024 साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्याने कामाचा दर्जा घसरला नाही. उलट नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

खरा प्रश्न खर्चाच्या वाटणीचा आहे. हिंजवडीजवळचे घरभाडे, खानावळ, रोजच्या वाहतूक-कोंडीत जाणारे तास हे सारे कर्मचाऱ्याच्या माथी पडते. कंपनीच्या ताळेबंदात त्याची नोंद होत नाही. ज्याला खर्च सोसावयाचा नसतो, त्याला हुकूम काढणे सोपे जाते. 2022 साली केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत घरून काम करण्याची तरतूद केली. परंतु ती कंपन्यांना दिलेली मुभा होती, कामगाराचा हक्क नव्हे.

म्हणून कामाचे ठिकाण नेमणूकपत्रातच निश्चित व्हावे. पुढे ते बदलावयाचे झाल्यास पुरेशी पूर्वसूचना व स्थलांतराचा भत्ता मिळावा. एवढी अट असली, तर खरोखर आवश्यक असेल तेथेच कंपन्या हजेरी मागतील.

उद्योगांच्या विकेंद्रीकरणाची भाषा आपण कित्येक दशके बोलत आहोत. त्याची एक वाट अनुदानाविना, अनायासे उघडली होती. केवळ हजेरीपटाच्या सोयीसाठी ती बंद होऊ देणे नंदुरबारसारख्या जिल्ह्यास परवडणारे नाही.