घडीला ऊन हवं



सोलापूरची भवानी पेठ म्हणजे यंत्रमागांची आणि विडी वळणाऱ्या बायकांची वस्ती. टर्किश टॉवेल विणणाऱ्या या शहरात पाणी शोषणारं कापड कोणतं, हे बायकांना शिकवायला नको. मग पाळीची घडी घरीच का शिवू नये?

शिवण सोपी आहे. अंगाला मऊ, धुवट सुती कापड, दोन्ही बाजूंना पंख, चड्डीखाली अडकवायला टिचबटण. आत टॉवेलच्या कापडाचे दोन-तीन थर. ते सुटे ठेवले की धुवायला आणि वाळायला सोपे. नवं कापड आधी भिजवून घ्यावं, म्हणजे नंतर आटत नाही.

जुलै २०१८ मध्ये नॅपकिनवरचा जीएसटी गेला. तरी विकतचं पॅड दर महिन्याला पैसे मागतंच. त्यातलं प्लास्टिक कुजत नाही, आणि तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्याही पुष्कळदा बायकाच.

कापडाची अट एकच. गार पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन ते उन्हात खडखडीत वाळलं पाहिजे. आपण मात्र ते साडीखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात लपवतो. दमट घडीने खाज सुटली की बोल कापडाला! खरा दोष विटाळाच्या कल्पनेचा, आणि धुण्यापुरतं पाणी, आडोसा न देणाऱ्या व्यवस्थेचा. दिवसाआड नळाची वाट पाहिलेल्या सोलापूरकर बाईला हे वेगळं सांगायला नको.

विकतची की घरची, हे जिचं तिने ठरवावं. गटाच्या बैठकीत शिवण जरूर शिकवू. पण त्याच बैठकीत पाण्याचा आणि वाळत घालायच्या दोरीचाही प्रश्न घेऊ. सोलापुरात उन्हाला तोटा नाही. चादरीशेजारी घडीलाही जागा मिळाली पाहिजे.