किरकोळ खात्यातला पाऊस

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे दर जूनमध्ये नव्याने सांगितला जातो आणि लोक नव्याने हसतात. ज्याचे फार तर कपडे भिजणार आहेत त्याला हसणे परवडते. पण अंदाजावर भरवसा ठेवून ज्याने कर्जाचे बियाणे मातीत टाकले आणि पुढचे पंधरा दिवस आभाळाकडे बघत काढले, त्याच्यापुढे दुबार पेरणीचा पैसा आणायचा कुठून हा प्रश्न असतो. म्हणून अंदाज चुकतो म्हणजे नेमके काय होते, हे एकदा शांतपणे समजून घ्यायला हवे.

२६ जुलै २००५ आठवून पाहा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर. मग त्या दिवशी ‘मुंबईत’ किती पाऊस पडला? सरासरी काढली तर ती ना सांताक्रूझची, ना कुलाब्याची. हजारो किलोमीटर पसरलेला मोसमी वारा आणि एका उपनगरावर कोसळणारा ढग या दोघांना एकाच गणितात बसवायचे कसे, हीच या शास्त्राची खरी अडचण आहे.

वारा, दाब, तापमान आणि बाष्प यांना बांधणारे नियम शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहेत. पण त्यांची समीकरणे सरळ सुटत नाहीत. म्हणून वातावरणाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला दाबाचा एक, वाऱ्याचा एक असे आकडे द्यायचे आणि छोट्या पावलांनी काळ पुढे सरकवत हिशेब करत जायचे. हा उद्योग प्रथम तडीस नेला लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असतानाच्या काळात त्याने २० मे १९१० या सरून गेलेल्या दिवसाच्या नोंदी घेऊन सहा तासांत दाब किती बदलेल याचे गणित हाताने केले. उत्तर आले १४५ मिलिबार वाढ. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. १९२२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने ते उत्तर जसेच्या तसे छापले.

पुढे पीटर लिंच या आयरिश हवामानतज्ज्ञाने ते गणित पुन्हा मांडून दाखवले. रिचर्डसनची पद्धत मुळात बरोबरच होती. सुरुवातीच्या नोंदींत बारीक असमतोल होते आणि त्यांतून उठलेल्या वेगवान लहरींनी हवामानाचा मंद बदल पार झाकून टाकला होता. नोंदी आधी नीट समतोल करून घेतल्यावर ती अवाढव्य वाढ नाहीशी झाली.

१९५० साली अमेरिकेत एनियाक या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज निघाले. पुढच्या चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागत होते. आज यंत्रे अफाट वेगवान आहेत. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्याआधी तो १२ किलोमीटरचा होता. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम आठपट. ६ चा १ किलोमीटर करायचा तर हवेचे थर तेवढेच ठेवूनही काम २१६ पट! आणि ढगात वर चढणारा हवेचा झोत किलोमीटर-दोन किलोमीटर रुंदीचा, तर ढगातला जलकण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. कितीही मोठे यंत्र आणा, चौकोनापेक्षा लहान असे काहीतरी उरणारच.

या उरलेल्याचे काय करतात? माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, म्हणून मला तिथली उपमा सुचते. शाखेकडून मुख्य कचेरीला जाणाऱ्या तक्त्यात प्रत्येक खातेदार दिसत नाही. बारीकसारीक रकमा ‘किरकोळ’ या एका ओळीत बसतात. चौकोनातले ढगही तसेच. चौकोनात सरासरी इतके बाष्प आणि इतकी उष्णता असेल तर ढग साधारण एवढे आणि पाऊस एवढा, असा ठोकताळा बांधतात. असे ठोकताळे बांधण्यात अकिओ अराकावा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्य वेचले.

फरक इतकाच की, हवेत हे किरकोळ खातेच पेढी चालवते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तीच मोसमी वाऱ्याला बळ देते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार टन पाणी. त्या प्रत्येक थेंबाची उष्णता वर हवेतच राहिलेली असते. ढगाचा ठोकताळा थोडा चुकला तर चूक त्या चौकोनात थांबत नाही, देशभर पसरते. म्हणून काही शास्त्रज्ञ प्रत्येक मोठ्या चौकोनात ढगांचे स्वतंत्र छोटे गणित बसवतात, तर काही जुन्या नोंदींवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात. पण जे कधी मोजलेच नाही, ते ती तरी कुठून शिकणार?

माझे म्हणणे इथेच आहे. नव्या महासंगणकाचे उद्घाटन थाटात होते; पर्जन्यमापकाचे कोणी करत नाही. २००५ साली मुंबईत डॉप्लर रडार नव्हते, हे विसरू नये. महाराष्ट्रात ‘महावेध’मधून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रे आली, हे चांगलेच झाले. पण एका मंडळात अनेक गावे असतात. शिवारात पाऊस नाही आणि मंडळाच्या केंद्रावर मात्र आहे, अशा वेळी पीकविम्याचा दावा कागदावरच सुकतो. यंत्रावर खर्च जरूर करावा; पण गावोगाव मोजणी, रडार आणि महाबळेश्वरच्या मेघभौतिकी प्रयोगशाळेसारखे ढगांना जवळून पाहणारे काम यांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा.

दुसरी मागणी भाषेची आहे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे शब्द खोटे नाहीत, पण पेरणी करणाऱ्याला त्यातून काही ठरवता येत नाही. दहापैकी किती शक्यता, ते सांगा. एकच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा करतात, त्यामुळे ही शक्यता काढता येते. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाईलवर पाठवले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

आणि आपणही ऐकायला शिकले पाहिजे. दहापैकी सात शक्यता म्हणजे तीन वेळा कोरडे जाणारच; त्या तीन वेळा वेधशाळा खोटी ठरत नाही. हे कळले तर शेतकरी सगळे बियाणे एकाच दिवशी पेरणार नाही, कर्ज देणाराही हप्ता ठरवताना त्या तीनांचा विचार करील. छत्रीचा विनोद मग खुशाल चालू द्या.