लेथ उलटं फिरवण्याआधी...

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं 'असं-तसं'च आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या मॅडम दुरुस्त करतीलच! पण हे मला मराठीतच सांगायचंय. कारण ज्यांच्याकडून मी ते शिकले ते आपले वर्कशॉपचे मामा मराठीतच बोलतात, आणि हा अंक तेही वाचतात.

गोष्ट आमच्या टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टची. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं लेथ मशीन पडून होतं. ते चालू करायचं आणि मोटर उलटसुलट फिरेल असा स्विच बसवायचा, असं आमच्या चौघांच्या ग्रुपचं ठरलं. उलटं कशाला? तर मशीनचा लीड स्क्रू इंचाचा आणि आम्हाला पाडायचे होते मेट्रिक आटे. अशा वेळी प्रत्येक कटनंतर हाफ नट उघडून चालत नाही. उघडला की पुढच्या वेळी टूल त्याच आट्यात बसेल याची खात्री नाही. टूल बाहेर काढायचं, मोटर उलटी फिरवायची आणि कॅरेज परत मागे आणायचं, हाच मार्ग.

आम्हाला वाटलं, किती सोप्पं! थ्री-फेज मोटरच्या कुठल्याही दोन फेज बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे तर पेपरात सगळेच लिहितात. फॉरवर्ड-ऑफ-रिव्हर्स असा एक साधा रोटरी स्विच आणला, कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतला, मोटर दोन्हीकडे फिरली. टाळ्या! ग्रुप फोटोसुद्धा झाला.

मामा मात्र टाळ्या वाजवत नव्हते. एवढंच म्हणाले, "ताई, लाईट गेली तर?"

आम्ही हसलो. "लाईट गेली तर बंद पडेल की, मामा!"

चौथ्या दिवशी लाईट गेली. मशीन थांबलं. आमच्यातल्या एकाने चकमध्ये चावी घातली आणि जॉब काढायला लागला. स्विच 'फॉरवर्ड'वरच राहिलाय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. लाईट आली आणि कुणी हात न लावता मशीन सुरू झालं! चावी उडाली ती थेट भिंतीवर आदळली. त्याने हात क्षणभर आधी काढला होता, म्हणून वाचला. त्या रात्री मेसमध्ये आम्ही चौघंही धड जेवलो नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. रिव्हर्सिंग स्विच निवडताना 'मोटर उलटी फिरते का?' हा शेवटचा प्रश्न असला पाहिजे. पहिला प्रश्न हा, की मशीन थांबतं का, आणि थांबलेलं राहतं का?

साधा रोटरी स्विच लाईट गेली तरी जागचा हलत नाही. डी.ओ.एल. स्टार्टरमध्ये मात्र कॉइल असते. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. म्हणजे आधी स्टार्टर, मग रिव्हर्सिंग स्विच. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरचा करंट बघून सेट करायचा. दोन कॉन्टॅक्टरचा रिव्हर्सिंग स्टार्टर घेतला तर आणखी उत्तम. पण त्यात मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल, दोन्ही इंटरलॉक हवेत. दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम लागले तर फेज-टू-फेज शॉर्ट!

स्विचवरचे अँपिअर नुसते वाचूनही भागत नाही. सुरू होताना मोटर फुल लोडच्या पाच-सहा पट करंट खेचते. म्हणून मोटरसाठीचं ए.सी.-३ रेटिंग बघायचं. चालत्या मोटरला थेट उलटं फिरवायचं तर ए.सी.-४ लागतं. पण खरं सांगू? तसं करूच नये. जुन्या लेथचा चक पुष्कळदा स्पिंडलवर आट्यांनीच बसवलेला असतो. उलटा झटका बसला की तो सैल होतो आणि निघूनही येऊ शकतो. म्हणून आधी 'ऑफ', मशीन पूर्ण थांबू द्यायचं, मगच रिव्हर्स, तेही कमी स्पीडला. आणि अशा चकवर रिव्हर्समध्ये कटिंग अजिबात नको.

ज्यांच्या घरी सिंगल-फेज मोटर आहे त्यांनी तर जास्तच सांभाळा. तिथे फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही, स्टार्ट वाइंडिंगची टोकं बदलावी लागतात. कपॅसिटर-स्टार्ट मोटर भरधाव असताना स्विच उलटा केला तरी ती आधीच्याच दिशेने फिरत राहते, कारण सेंट्रिफ्युगल स्विचने स्टार्ट वाइंडिंग केव्हाच बाजूला काढलेलं असतं.

काही जण म्हणतील, "एवढा खर्च कशाला? बाहेर कित्येक वर्षं असंच चालतंय." चालतंय, मान्य. पण कुणाच्या बोटांच्या भरवशावर? आणि जो स्विच विकत घ्यायचं ठरवतो तोच मशीनवर उभा राहतो का? सरांना माझी नम्र विनंती आहे, वर्कशॉपची खरेदी ठरवताना एकदा मामांनाही विचारा. आणि ही वायरिंग आमच्या प्रॅक्टिकलला येऊ द्या. सर्किट डायग्राम आम्ही पाठ करतो, पण 'लाईट गेली तर?' हा प्रश्न आमच्या जर्नलमध्ये कुठेच नाही.

आता त्या मशीनला स्टार्टर आहे. पहिल्या दिवशी मामांनी चक काढून ठेवायला लावला, मशीन चालू केलं, मेन स्विच स्वतः खाली पाडला आणि पुन्हा वर केला. मशीन गप्प!

"आता झालं," मामा म्हणाले. या वेळी टाळ्या त्यांच्यासाठी होत्या.